पाणी बदलू नका, पाणी सांभाळा



एप्रिल उजाडला की लोणावळा, कर्जत, अलिबाग इथल्या बंगल्यांतले आणि गावोगावच्या कृषी पर्यटन केंद्रांतले पोहण्याचे तलाव गजबजतात. आठ-दहा दिवस मुलं मनसोक्त डुंबतात आणि मग एका सकाळी पाणी हिरवट दिसू लागतं. त्यावर अनेकांचा उपाय ठरलेला असतो. तलाव रिकामा करायचा, घासायचा आणि पुन्हा भरायचा. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावात ४० हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. ज्या दिवसांत शेजारच्या वाडीवरच्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत असतात, त्याच दिवसांत हे पाणी ओढ्यात सोडून दिलं जातं.

बहुतेक वेळा याची काहीच गरज नसते. खाण्याचा सोडा, तुरटी आणि ब्लिचिंग पावडर, म्हणजे ग्रामपंचायतीत जिला टीसीएल म्हणतात ती, एवढ्या स्वस्त वस्तूंवर हिरवं पाणी पुन्हा नितळ होतं. मात्र मोजल्याशिवाय पाण्यात काहीही टाकायचं नाही.

मोजायचं काय? पहिली गोष्ट सामू, म्हणजे पीएच. शेतकरी बांधवांना हा शब्द माती परीक्षणामुळे ठाऊक आहे. पोहण्याच्या पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान हवा. दुसरी गोष्ट क्लोरीन. ते लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम शिल्लक राहायला हवं. तिसरी गोष्ट अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवून सामू स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद. ती लिटरला ८० ते १२० मिलिग्रॅम असावी. या तिन्ही गोष्टी सांगणाऱ्या रंगपट्ट्या आणि थेंबांचे संच बाजारात मिळतात. आपल्या गावचा जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो, तीच पिवळ्या रंगाची चाचणी क्लोरीन मोजायला इथेही चालते. पाण्याचा नमुना वरवरचा घेऊ नका, कोपरापर्यंत हात बुडवून घ्या. तपासून झालेलं पाणी तलावात परत ओतू नका.

आता सामूकडे एवढं लक्ष का द्यायचं? क्लोरीनचं जंतू मारण्याचं बळ सामूवर अवलंबून असतं. सामू साडेसात असेल तर पाण्यातलं साधारण निम्मं क्लोरीन प्रभावी रूपात असतं. सामू आठवर गेला की जेमतेम पाव भाग उरतो. पावडर तेवढीच, खर्च तेवढाच, आणि काम निम्मं. पावडर टाकून टाकून थकलो तरी पाणी हिरवंच, अशी तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी पुष्कळदा हेच असतं.

इथे आपल्या महाराष्ट्राच्या जमिनीचाही विचार करायला हवा. देशावरच्या काळ्या कातळातून येणारं बोअरचं पाणी बहुधा जड असतं आणि त्याची अल्कलिनिटी मुळातच जास्त असते. त्यात सोडा टाकला तर बिघाड वाढेल. कोकणातल्या जांभ्या दगडातलं पाणी मात्र बरेचदा हलकं आणि किंचित आम्लधर्मी असतं. पावसाच्या पाण्यानेही अल्कलिनिटी उतरते. अशा ठिकाणी खाण्याचा सोडा उपयोगी पडतो. हजार लिटरला सुमारे १७ ग्रॅम सोडा टाकला की अल्कलिनिटी दहा मिलिग्रॅमने वाढते. आपल्या ४० हजार लिटरच्या तलावात ती तीसने वाढवायची, तर साधारण दोन किलो सोडा लागेल. अल्कलिनिटी ठीक आहे पण सामू खाली आहे, असं आढळलं तर धुण्याचा सोडा थोडा थोडा वापरा. तो सामू झपाट्याने वाढवतो. सामू चढलेला असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाच्या नादी लागू नका. एवढ्या पाण्याला ते पुरत नाहीत आणि जंतूंना खाद्य मात्र मिळतं. तिथे सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडच लागतं आणि ते काम जाणकाराच्या हातूनच करून घ्यावं.

सामू जागेवर आला की शेवाळ मारायचं. आधी पालापाचोळा काढा आणि भिंती ब्रशने घासा. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३० टक्के क्लोरीन असतं. दमट जागी, उघड्या पोत्यात ते उडून जातं, म्हणून जुनी पावडर घेऊ नका. शेवाळलेल्या तलावाला लिटरमागे दहा मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं, तर ४० हजार लिटरला सव्वा ते दीड किलो पावडर लागते. ती प्लास्टिकच्या बादल्यांत पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी तेवढं तलावात सोडा. खालचा चुना तलावात गेला तर पाणी दुधाळ होतं. हे काम सूर्य मावळल्यावर करा, कारण उन्हात क्लोरीन काही तासांतच नाहीसं होतं. सकाळी तपासा. क्लोरीन शिल्लक नसेल तर शेवाळ अजून जिवंत आहे, मात्रा पुन्हा द्यावी लागेल. क्लोरीन तीन मिलिग्रॅमच्या खाली येईपर्यंत कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका.

शेवाळ मेलं की पाणी हिरव्याचं राखाडी, गढूळ होतं. इथे तुरटीचं काम सुरू होतं. एवढ्या तलावाला पाऊण ते एक किलो तुरटी कोमट पाण्यात विरघळवून सगळीकडे पसरा, थोडा वेळ ढवळा आणि पंप बंद करून पाणी रात्रभर अजिबात हलू देऊ नका. तुरटीमुळे बारीक कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. सकाळी तो गाळ पाइपने हळूच ओढून बाहेर काढा. तो फिल्टरमधून नेऊ नका, फिल्टर तुंबतो. तुरटी थोडी अल्कलिनिटी खाते, म्हणून नंतर पुन्हा मोजा. रोजच्या देखभालीला संध्याकाळी पाव किलोच्या आसपास टीसीएल बहुधा पुरते, पण तीही चाचणी पाहूनच ठरवा.

काही गोष्टी मात्र जिवावर बेतू शकतात. ब्लिचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. तलावासाठी मिळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या आणि टीसीएल एका डब्यात किंवा एका मापाने हाताळू नका, आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. पावडर किंवा ॲसिड पाण्यात टाका, त्यांच्यावर पाणी कधीही ओतू नका. हातमोजे आणि चष्मा घाला. शेवाळ जावं म्हणून काही जण मोरचूद टाकतात. त्यातल्या तांब्याचे डाग भिंतींवर पडतात आणि ते पाणी ओढ्यात गेलं तर मासे मरतात. ते टाळा.

आणि माणसांनाही थोडी शिस्त हवी. तलावाजवळ नाकात जाणारा जो उग्र वास येतो, तो घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग झाल्यामुळे येतो. डोळेही त्यानेच चुरचुरतात. प्रत्येकाने अंघोळ करून पाण्यात उतरलं तर क्लोरीन कमी लागतं. जुलाब होत असलेल्या मुलाला तलावात अजिबात सोडू नये, कारण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जीव योग्य प्रमाणातल्या क्लोरीनमध्येही सात दिवसांहून जास्त तगतो. ज्या पाण्यातून तलावाचा तळ स्पष्ट दिसत नाही, त्यात कुणीही उतरू नये. बुडालेलं मूल त्यात दिसत नाही.

पाणी बदलण्याची वेळ कधी येतच नाही, असं नाही. सांडपाणी शिरलं किंवा वर्षानुवर्षं गोळ्या वापरून त्यांतलं रसायन फार साठलं, तर पाणी काढावंच लागतं. पण असे प्रसंग थोडे. एरवी एक वही ठेवा आणि तिच्यात रोजचा सामू आणि क्लोरीन लिहा. पाणी हिरवं दिसलं तर टँकरवाल्याला फोन करण्याआधी ते तपासा. आपल्या तलावातलं एवढं पाणी वाचवणं आपल्या हातात आहे, आणि उन्हाळ्यात तहानलेल्या या राज्यात ते आपलं कर्तव्यही आहे.