आधी ओळख, मग आज्ञा



पाकिटावर नुसते 'सदर बाजार' एवढेच लिहिले, तर ते नागपूरला पाठवावे, साताऱ्याला की जालन्याला, असा पेच टपाल खात्यापुढे उभा राहील. या तिन्ही शहरांत त्या नावाची वस्ती आहे. शहराचे नाव लिहिताच पेच सुटतो. संगणकांच्या कारभारातही असाच पेच उद्भवतो.

एकाच ठिकाणाहून शेकडो संगणकांना आज्ञा देणारी साधने आज उपलब्ध आहेत. २००५ मधील पपेट आणि २०१२ मधील ॲन्सिबल ही त्यांपैकी प्रमुख होत. आज्ञा देण्यापूर्वी समोरच्या संगणकावर लिनक्सचे कोणते वितरण आहे, हे या साधनांना ओळखावे लागते. संकेतस्थळे चालविणारे अपाचे हे सॉफ्टवेअर डेबियनच्या घराण्यात 'अपाचे-२' या नावाने, तर रेडहॅटच्या घराण्यात 'एचटीटीपीडी' या नावाने मागवावे लागते. घराणे चुकले की आज्ञा वाया जाते.

पूर्वी प्रत्येक वितरण आपली ओळख निराळ्या फाइलमध्ये ठेवीत असे. उबंटू हे डेबियनपासून निघालेले. त्यामुळे त्यात डेबियनचीही फाइल सापडे. तीच आधी वाचली गेली, तर उबंटूची गणना डेबियनमध्ये होई. २०१२ मध्ये 'ओएस-रिलीज' ही सर्वांसाठी एकाच नमुन्याची फाइल आली. तीत वितरणाचे नाव असते आणि ते कोणत्या वितरणाच्या जवळचे आहे, हेही नोंदविता येते.

आपल्या देशाच्या दृष्टीने हा प्रश्न अगत्याचा आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये डेबियनवर आधारलेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली प्रसृत केली. अशा मर्यादित प्रसाराच्या वितरणाचे नाव प्रत्येक साधनाला ठाऊक असेलच असे नाही. ॲन्सिबल घराणे ठरविताना आपल्याजवळची यादी पाहते; यादीत नसलेले नाव आल्यास त्या नावालाच स्वतंत्र घराणे मानते. मग केवळ डेबियन घराण्यासाठी लिहिलेली सुरक्षेची दुरुस्ती त्या संगणकावर होतच नाही. अहवालात तो 'वगळला' असे दिसते, 'अयशस्वी' असे नव्हे. त्यामुळे उणीव ध्यानात येत नाही.

म्हणून कार्यालयात वा शाळेत अशी साधने वापरताना दोन गोष्टी कराव्यात. यंत्राने सांगितलेली ओळख प्रथम एका संगणकावर पडताळावी. आणि काम संपल्यावर अयशस्वी संगणकांइतकेच वगळलेले संगणकही मोजावेत.