वाघाचे चित्र लॅपटॉपवर येते तेव्हा

नागपूरहून ताडोब्याकडे जाणाऱ्या मोटारींपैकी पुष्कळशा मोटारींत हल्ली पुढच्या काचेच्या आतल्या बाजूस एक लहानसा कॅमेरा बसविलेला असतो. त्यास डॅशकॅम म्हणतात. गाडी सुरू झाली की तोही जागा होतो, समोरचा रस्ता टिपीत राहतो, आणि त्याच्या पोटातील नखाएवढ्या कार्डावरची जागा संपली म्हणजे सर्वांत जुने चित्रण पुसून त्याच जागी नवे लिहू लागतो. मालकास त्याची आठवण एरव्ही होत नाही. ती होते केव्हा, तर चंद्रपूर-मूल रस्त्यावर दिव्यांच्या झोतात एखादा वाघ शांतपणे आडवा निघून जातो तेव्हा. मग घरी पोचल्यावर कॅमेरा लॅपटॉपला जोडावयाचा. आणि येथेच चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतूनही खोळंबा होतो. तार जोडली, दिवा लागला, पण लॅपटॉपच्या पडद्यावर कॅमेऱ्याचा पत्ता नाही!

याची कारणे बहुधा अगदी साधी असतात. मोटारीत वीज पुरविण्यासाठी दिलेल्या काही तारांत केवळ विजेचेच तंतू असतात. चित्रे वाहून नेणारे तंतू त्यांत नसतातच. अशा तारेने कॅमेरा जिवंत होतो, पण बोलत नाही. तार पुरी असली तरी कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन पर्याय येतात. एक ‘मास स्टोरेज’ व दुसरा ‘पीसी कॅमेरा’. पहिला निवडला तर कार्डावरील चित्रण लॅपटॉपला दिसते. दुसरा निवडला तर तो कॅमेरा समोर बसलेल्या मालकाचाच चेहरा दाखवू लागतो. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे तारेच्या नादी न लागता कॅमेरा बंद करून कार्ड बाहेर काढावे व ते कार्ड-रीडरमध्ये घालून वाचावे. परंतु एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गाडीस हिसका बसला म्हणजे त्या क्षणाचे चित्रण पुसले जाऊ नये अशी कुलपाची योजना या कॅमेऱ्यात असते. वाघ रस्ता ओलांडतो तेव्हा हिसका बसत नाही. सबब ते चित्रण कुलपात जात नाही, आणि ३२ जीबीच्या कार्डावर चार-पाच तासांहून अधिक काळ ते बहुधा टिकतही नाही. तेव्हा गाडी थांबताच कॅमेरा बंद करणे हे तार शोधण्यापेक्षा अगोदरचे काम होय.

हे झाले मोटारीच्या कॅमेऱ्याचे. त्याच्याच कुळातला एक भाऊबंद चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या रानात सागाच्या किंवा ऐनाच्या खोडाला पट्ट्याने बांधलेला आढळतो. त्यास वनखात्याची माणसे ट्रॅप कॅमेरा म्हणतात. त्याचे कार्ड काढून लॅपटॉपला लावणे हीही तशीच बिनरंगाची, कंटाळवाणी क्रिया आहे. तथापि तिच्यावर केव्हा केव्हा माणसाचा जीव आणि वाघाचा जीव असे दोन्ही लटकलेले असतात. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. असे घडले म्हणजे गावाचा पहिला प्रश्न असतो, ‘वाघ केव्हा पकडणार?’ वनाधिकाऱ्यासमोरचा पहिला प्रश्न मात्र निराळा असतो: ‘कोणता वाघ?’

हा प्रश्न कोणास वेळकाढूपणाचा वाटेल. पण तो तसा नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या अकराव्या कलमाप्रमाणे एखादा वाघ मानवी जीवितास धोकादायक झाला आहे अशी खात्री पटल्यावर मुख्य वन्यजीव रक्षकास लेखी हुकूम द्यावा लागतो. आणि तो हुकूम समस्त वाघांविषयी नसून त्या एका वाघाविषयी असतो. ब्रह्मपुरीच्या रानात एकाच टापूतून नर, मादी, त्यांची वाढती पिल्ले आणि वाटसरू वाघ असे सारेच ये-जा करीत असतात. त्यांतून पिल्लांची आईच चुकून पकडली गेली तर मागे राहिलेली पिल्ले उपाशी मरतात, आणि खरा गुन्हेगार मोकळाच राहतो. दुसऱ्या दिवशी गुराखी निर्धास्तपणे रानात जातो तो वेगळाच.

ओळख पटते ती पट्ट्यांवरून. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु एकाच वाघाची डावी कूस व उजवी कूसही सारखी नसते, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. डाव्या कुशीच्या चित्रावरून उजवीचा अंदाज बांधता येत नाही. म्हणूनच वाघांच्या गणनेत पायवाटेच्या दोन्ही बाजूंस गुडघ्याएवढ्या उंचीवर एकेक कॅमेरा बांधतात. ते अगदी समोरासमोर न ठेवता किंचित तिरके ठेवतात, नाहीतर एकाचा झगझगाट दुसऱ्याच्या भिंगात शिरून दोन्ही चित्रे वाया जावयाची. या पद्धतीचा पाया आपल्या देशात उल्हास कारंत यांनी १९९० नंतरच्या वर्षांत कर्नाटकातील नागरहोळे येथे घातला. त्यापूर्वी पाऊलखुणांवरून वाघ मोजीत. त्यात जाणत्या माणसाचा अनुभव दिसे, पण मोजणीचा भरवसा नसे.

आता या कॅमेऱ्यांची उन्हाळ्यातली अडचण पाहा. समोरून उष्ण देहाचा प्राणी हालत गेला म्हणजे आसपासच्या उष्णतेत जो फरक पडतो, तो ओळखून हा कॅमेरा चित्र घेतो. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४६-४७ अंशांवर चढतो. दगड, माती, पाचोळा हे सर्व प्राण्याच्या अंगाइतके किंवा त्याहूनही अधिक तापते, आणि मग भर दुपारी वाघ समोरून गेला तरी कॅमेऱ्यास तो जाणवेलच असे नाही. तेंदूपत्त्याचा हंगाम नेमका तेव्हाच असतो. सारांश, कार्डावर दुपारचे चित्र नाही एवढ्यावरून दुपारी वाघ तेथे नव्हता असे म्हणता येत नाही. (मोटारीच्या कॅमेऱ्यासही हा उन्हाळा मानवत नाही. काचा लावून उन्हात ठेवलेल्या गाडीत त्याची लिथियमची बॅटरी फुगते. म्हणून बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला कॅमेरा घेणे या भागात शहाणपणाचे.)

कार्ड रानातून कचेरीत आले म्हणजे खरे काम सुरू होते. त्यातील पहिली मेख नावांची आहे. प्रत्येक कॅमेरा आपल्या चित्रांस एकपासून क्रमांक देतो. दहा कॅमेऱ्यांच्या दहा कार्डांवर पहिल्या क्रमांकाची दहा चित्रे असतात, आणि ती सर्व एकाच फोल्डरमध्ये ओतली तर एकावर एक लिहिली जाण्याचा धोका असतो. लॅपटॉप विचारतो, ‘जुन्याच्या जागी नवे ठेवू काय?’ आणि थकलेला हात ‘होय’ वर पडतो! म्हणून प्रत्येक जागेस निराळा फोल्डर करावयाचा, त्यात डाव्या व उजव्या कॅमेऱ्याचे दोन पोटफोल्डर करावयाचे, आणि मगच नक्कल उतरावयाची. मोठ्या आकाराच्या कार्डाच्या कडेस एक बारीक खटका असतो. तो सरकविला की कार्डावर काही लिहिले जात नाही, पुसलेही जात नाही. कार्ड लॅपटॉपमध्ये घालण्यापूर्वी तो सरकवावा. कधी कधी लॅपटॉप कार्ड फॉरमॅट करण्याचा आगंतुक सल्ला देतो. त्यास मुळीच भीक घालू नये. दुसऱ्या रीडरमध्ये कार्ड लावून पाहावे. नक्कल झाली की चित्रांची संख्या दोन्हीकडे जुळते का ते पाहावे, आणखी एक नक्कल निराळ्या डिस्कवर ठेवावी, आणि त्यानंतरच कार्ड रिकामे करावे. तेही लॅपटॉपवर न करता ज्या कॅमेऱ्यात ते जावयाचे त्याच कॅमेऱ्यात करावे.

दुसरी मेख घड्याळाची, आणि ती पहिलीहून वाईट. काही कॅमेऱ्यांचे सेल बदलले की आतले घड्याळ मूळपदावर जाऊन एखाद्या जुन्या वर्षाची १ जानेवारी दाखवू लागते. चित्र स्वच्छ येते, पट्टे ठसठशीत दिसतात, पण तारीख खोटी. मृत्यू झाला त्या रात्री तेथून गेलेला वाघ आणि त्यापूर्वी तीन दिवस गेलेला वाघ यांत फरक करावयाचा तो त्या तारखेवरच. यावर वनरक्षकांचा तोडगा मोठा नामी आहे. कॅमेरा बांधल्याबरोबर एका पाटीवर किंवा कागदावर जागेचा क्रमांक, तारीख व वेळ लिहून ती पाटी कॅमेऱ्यासमोर धरतात व पहिले चित्र तिचेच घेतात. कार्ड काढतानाही तसेच करतात. घड्याळ कितीही बहकले तरी पाटीवरची वेळ व चित्रावरची वेळ यांतील अंतर काढून सर्व चित्रांचा काळ पुन्हा लावता येतो. डॅशकॅम बाळगणाऱ्या गृहस्थांनीही हे उचलण्यासारखे आहे. रस्त्यावर वाघ दिसल्यास त्याचे चित्रण ठिकाणासह सर्व जगास वाटण्यापेक्षा त्याची एक नक्कल, कॅमेऱ्याचे घड्याळ किती मागेपुढे आहे ते लिहून, जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यावी. वाघ कोठे उभा असतो हे कळावयास हवे असणारे लोक सारेच हौशी प्रवासी नसतात.

आणि चित्रे तरी किती! २०२२ सालच्या अखिल भारतीय गणनेत ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले व ४,७०,८१,८८१ छायाचित्रे मिळाली. त्यांपैकी वाघाची किती, तर ९७,३९९. म्हणजे हजारांत जेमतेम दोन. बाकी चितळ, सांबर, रानडुक्कर, गुरे, वाऱ्याने हललेला बांबू, आणि माणसे. ही निवड आता बरीचशी संगणकाकडून होते. प्राण्यांची जात ओळखून चित्रे वेगळी करणारी एक प्रणाली आहे. आणि वाघाच्या खांद्यावर, कमरेवर व शेपटीच्या मुळाशी खुणा केल्या की त्याच्या कुशीचे पट्टे सपाट पसरून जुन्या संग्रहाशी ताडून पाहणारी दुसरी आहे. पण यंत्र फक्त ‘हे दोन फार सारखे दिसतात’ एवढेच सांगते. शेवटचा निवाडा डोळ्यांनीच करावा लागतो, आणि तो करणारा मनुष्य रात्री उशिरापर्यंत पडद्याकडे पाहत बसलेला असतो.

या उद्योगाचे फळ या दोन जिल्ह्यांनी पाहिले आहे. राजुऱ्याकडे आठ माणसांचा बळी घेणारा ‘आर.टी.-१’ ऑक्टोबर २०२० मध्ये पकडला गेला. गडचिरोलीतील वडसा, भंडारा व ब्रह्मपुरी या तिन्ही टापूंत मिळून तेरा माणसांचा बळी घेणारा ‘सी.टी.-१’ १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडशाच्या रानात बेशुद्ध करून पकडण्यात आला. तीन निरनिराळ्या वनविभागांत झालेली हत्या एकाच जनावराची, हे नुसत्या पावलांवरून ठरविणे फार कठीण. त्यासाठी तीन ठिकाणची चित्रे एकापुढे एक मांडावी लागतात. याहून आल्हाददायक उदाहरणही आहे. २०२३ साली ओडिशातील महेंद्रगिरीच्या डोंगरात एक अनोळखी नर वाघ आढळला. त्याचे पट्टे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील संग्रहाशी ताडून पाहता तो आपल्या ब्रह्मपुरीचा निघाला! सुमारे दोन हजार किलोमीटरची ती पायपीट कोणी पाहिली नव्हती. एका टोकाचे चित्र व दुसऱ्या टोकाचे चित्र जुळले, एवढ्यानेच ती उघडकीस आली.

कॅमेऱ्यात माणसेही टिपली जातात, हे वर आलेच आहे. आणि हा विषय उडवून लावण्यासारखा नाही. मोह वेचणाऱ्या बाया, सरपण आणणाऱ्या मुली यांस झाडावर बांधलेला डोळा कसा वाटत असेल? उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाविषयी २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा कॅमेऱ्यांमुळे रानात जाणाऱ्या स्त्रियांची कुचंबणा कशी झाली व त्यांच्या चित्रांचा कसा दुरुपयोग झाला, हे मांडले आहे. गडचिरोलीच्या दक्षिणेकडे तर कॅमेरा वाघासाठी आहे की माणसावर पाळत ठेवण्यासाठी, अशी शंका कोणी घेतली तर ती सहजासहजी फिटावयाची नाही. म्हणून कार्ड लॅपटॉपवर उतरताच माणसांची चित्रे बाजूस काढावी व ती कोणाच्याही मोबाइलवर जाऊ देऊ नयेत. गावकऱ्यांस हे आधीच सांगितले तर कॅमेरेही कमी फुटतील.

अपवाद शिकाऱ्याचा. त्याचे चित्र न्यायालयात न्यावे लागते, आणि तेथे नुसते दाखवून भागत नाही. १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला आहे. त्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे अशा चित्रासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते व त्यात फाइलची ‘हॅश’ नोंदवावी लागते. हॅश म्हणजे फाइलमधील अक्षरन् अक्षरावरून गणिताने काढलेला आकडा. चित्रातील एक ठिपका बदलला तरी हा आकडा साराच बदलतो. तो कार्ड उघडल्याबरोबर काढून ठेवलेला बरा. चित्र चार लॅपटॉपांवर हिंडून आल्यावर काढलेल्या आकड्याने मधली फेरफार झाकली जाते, उघडी पडत नाही.

कार्ड काढण्याची ही यातायातच नको, असेही प्रयत्न झाले आहेत. ताडोब्याच्या बफर क्षेत्रातील सीतारामपेठ या गावी २०२३ साली अशी योजना बसविण्यात आली, की तेथील कॅमेरे वाघ-बिबट्यास स्वतः ओळखून गावाच्या दिशेने तो येताच इशारा देतात. जेथे वीज व मोबाइलचे जाळे आहे तेथे हे शक्य आहे. भामरागड-एटापल्लीच्या रानात अनेक ठिकाणी जाळे पोचत नाही; तेथे अजून वनरक्षकच पायवाटेने जातो, पाटी धरून शेवटचे चित्र घेतो, कार्ड काढून जागेचा क्रमांक लिहिलेल्या लहानशा पाकिटात घालतो, आणि ते पाकीट खिशात बटण लावून ठेवून पुढच्या झाडाकडे वळतो.