आपले पुस्तक, आपणच प्रकाशक
(भिलाई येथील गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी मी कारखान्यातल्या आठवणींचे ई-बुक स्वतःच काढले. एका प्रकाशकांनी "विषय फार थोड्यांचा" म्हणून बाड परत पाठवले होते. त्यांचेही बरोबर होते म्हणा! ब्लास्ट फर्नेसवरची रात्रपाळी पुण्यात कोण विकत घेणार? पण ई-बुकला कागद नाही, गोदाम नाही; वीसच वाचक मिळाले तरी कोणी बुडत नाही. म्हणून तर एरवी कोणी छापणार नाही असे विषय तिथे भेटतात. किंमत कमी, आणि सुरुवातीची काही पाने फुकट चाळता येतात.

दर्जाचे काय? खरे सांगतो, त्यातली पुष्कळ पुस्तके वाचवत नाहीत. माझेही तसेच होते. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. युनिकोडमध्ये बदलताना जोडाक्षरे फुटली, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले, आणि मी उत्साहाच्या भरात न तपासताच फाइल चढवली. अपघातात गेलेल्या माझ्या मित्रावर त्यात एक प्रकरण आहे. ते वाचून वहिनींचा फोन आला, "भाऊजी, छान लिहिलंत. फक्त ह्यांचं आडनाव तेवढं नीट करा हो." पानोपानी चुकले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

अँडी वीयर या अमेरिकन लेखकाने 'द मार्शियन' आधी प्रकरणाप्रकरणाने स्वतःच्या वेबसाइटवर फुकट दिले. शास्त्रीय चुका वाचकच कळवत, तो सुधारत असे. वाचकांच्याच आग्रहामुळे २०११ मध्ये त्याने ते ९९ सेंटला किंडलवर आणले. २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशनसंस्थेने छापले, २०१५ मध्ये सिनेमा निघाला. सगळ्यांचे असे नशीब नसते. पण विक्रीला येण्याआधीच त्या पुस्तकावरून कितीतरी डोळे फिरले होते. माझ्यावरून माझेसुद्धा धड नाही!

मग मी सबंध पुस्तक सौ.ला मोठ्याने वाचून दाखवले. तिला जांभई आली की त्या पानाला कात्री. तीन प्रकरणे गेली. छापील पुस्तकाला शुद्धिपत्र जोडावे लागते, इथे दुरुस्त फाइल पुन्हा चढवता येते. ती चढवली आणि दाखवायला वहिनींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, आडनावावरून बोट फिरवले, आणि चहा टाकायला उठल्या.