घराआधी कागद, कागदाआधी जमीन



रायगडमधल्या वाड्यांवर मी घरकुलाचे अर्ज भरून देण्याचे काम करते. मला हमखास एक प्रश्न विचारला जातो. "सरकार कातकऱ्यांना घरे देते, मग ते अजून कुडाच्या झोपडीतच का?" प्रश्न रास्त आहे, म्हणून आज त्याचेच उत्तर देते.

योजना खरी आहे. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या आपल्या राज्यातल्या तीन आदिम जमाती. त्यांच्यासाठी नोव्हेंबर 2023 मध्ये पीएम जनमन योजना सुरू झाली. तिच्यात घरासाठी 2 लाख रुपये मिळतात. शौचालयाचे 12 हजार आणि स्वतःच्या घरावर केलेल्या कामाची रोजगार हमीची मजुरी वेगळी. रक्कम एकदम येत नाही. जोते झाले, भिंती उठल्या, छप्पर पडले, असे टप्प्याटप्प्याने फोटो काढले जातात आणि हप्ता बँकेत जमा होतो.

मग अडते कुठे?

पहिली अडचण जमिनीची. कित्येक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर वसल्या आहेत. तीन पिढ्या तिथेच राहिल्या, पण सातबाऱ्यावर नाव मालकाचे. पायाखालची जागाच आपली नसेल तर घर बांधायचे कुठे? यावर वाट आहे. गावठाण वाढवून मिळावे म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी करता येते, आणि भूमिहीन लाभार्थ्याला जागा घेण्यासाठी राज्य सरकारची मदतही आहे. पण ही वाट लांबची आहे. एकट्या कुटुंबाला ती झेपत नाही, सगळ्या वाडीने मिळून चालावी लागते.

दुसरी अडचण जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा कधी शाळेत गेलेच नाहीत, तर त्यांचा शाळेचा दाखला कुठून आणणार? अशा वेळी आम्ही जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी शोधतो, चुलत घराण्यातला एखादा दाखला मिळतो का पाहतो. एका वाडीवर एका आजीच्या सासऱ्याची मृत्यूची नोंद सापडली आणि तिच्या मुलांचा, पुतण्यांचा, सगळ्यांचाच मार्ग मोकळा झाला. एक जुने पान, पाच घरे.

तिसरी अडचण कुणाच्या लक्षात येत नाही. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. ग्रामसभा सहसा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला होतात. म्हणजे चारपैकी दोन सभांना वाडी रिकामी असते. पाहणी करणारा माणूस याच दिवसांत आला तर झोपडीला झाप लावलेले दिसते आणि नाव राहून जाते. पहिला हप्ता मिळालेले घरही याच कारणाने जोत्यावर अडते. भट्टीमालकाची उचल फिटल्याशिवाय माणूस बांधकामाला येणार कसा?

म्हणून आम्ही आमचे वेळापत्रक त्यांच्या पायांवर बेतले आहे. जून ते ऑक्टोबर हे आमचे कागदाचे दिवस. प्रत्येक घराची एक प्लास्टिकची पिशवी करतो. तिच्यात आधार, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक, जॉब कार्ड आणि दाखला. बँकेचे खाते चालू आहे का, आधारशी जोडले आहे का, हे आधीच पाहतो. दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर खाते निष्क्रिय होते आणि हप्ता अडकतो. 15 ऑगस्टच्या सभेला शक्यतो बायकांनाच पुढे बसवतो. आपले नाव यादीत वाचले गेले की नाही, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकावे.

तुम्ही विचाराल, आम्ही काय करावे? देणगी द्यालच, पण मला तुमचा एक दिवसही हवा आहे. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, तलाठी कार्यालयात नोकरी केलेले आहेत, बँकेत आयुष्य काढलेले आहेत. मोडी वाचता येणारे कुणी असतील तर त्यांना मी हात जोडून बोलावते. पावसाळ्यात एक दिवस आमच्याबरोबर तहसिलात रांगेत उभे राहा. रोजंदारीवरच्या बाईचा एक खेटा म्हणजे त्या दिवशीची चूल. तुमच्या एका दिवसाने तिचे चार खेटे वाचतात.

घर सरकार देईल. त्या घरापर्यंत पोचायला सोबत मात्र आपणच द्यायची आहे.