बुरशीचे जैवपटल आणि औषधांची खरी किंमत



अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या शिरेत बसविलेली प्लास्टिकची नळी ही बुरशीला वस्तीसाठी सोयीची जागा असते. कँडिडा अल्बिकन्स ही बुरशी नळीच्या पृष्ठभागाला चिकटते, थरावर थर रचते आणि स्वतःभोवती शर्करायुक्त आवरण निर्माण करते. या वसाहतीस जैवपटल, अर्थात बायोफिल्म, असे म्हणतात. सुट्या पेशी ज्या मात्रेने आटोक्यात येतात, तिच्या कित्येक पट मात्राही या थरापुढे निष्प्रभ ठरू शकते.

याचे एक कारण जनुकांच्या वर्तनात आहे. फ्लुकोनॅझोल हे औषध बुरशीच्या पेशीपटलास आवश्यक असलेल्या अर्गोस्टेरॉलची निर्मिती रोखते. औषधाचे लक्ष्य असलेले विकर ‘ईआरजी ११’ या जनुकामुळे तयार होते. जैवपटलावर औषधाचा मारा होताच हे जनुक व त्याच मार्गातील अन्य जनुके अधिक प्रमाणात व्यक्त होऊ लागतात. एक यंत्र बंद पाडले म्हणून कारखानदाराने तशीच आणखी यंत्रे बसवावीत, तसा हा प्रकार. अँफोटेरिसिन बी दिल्यास प्रतिसाद वेगळा असतो. त्या वेळी पेशीभित्तिकेतील बीटा-ग्लुकनच्या घडणीशी संबंधित ‘एसकेएन १’ व ‘केआरई १’ ही जनुके सक्रिय झालेली आढळतात. औषध पेशीबाहेर फेकणाऱ्या पंपांची जनुके तर वसाहतीच्या आरंभकाळात औषधाविनाही जागी असतात. थर परिपक्व झाल्यावर पंपांचे महत्त्व घटते आणि औषध अडवून धरण्याचे काम आवरणातील ग्लुकन करते.

येथे परीक्षार्थींची एक गल्लत नेहमी होते. जनुकाची अभिव्यक्ती वाढणे म्हणजे उत्परिवर्तन नव्हे. उत्परिवर्तन पुढील पिढीत उतरते. अभिव्यक्तीतील बदल परिस्थितीनुसार मागे फिरू शकतो.

अर्थशास्त्राचा प्रश्न येथूनच सुरू होतो. प्रयोगशाळेतील प्रचलित संवेदनक्षमता चाचणी सुट्या पेशींवर केली जाते. अहवालात ‘संवेदनशील’ असा शेरा येतो, स्वस्त फ्लुकोनॅझोल चालू राहते, ज्वर मात्र उतरत नाही. वाढलेले खाटदिवस आणि दुसऱ्या औषधाचा खर्च कुटुंबावर पडतो. जैवपटलावर अधिक प्रभावी ठरणारी एकायनोकँडिन गटातील औषधे शिरेवाटे द्यावी लागतात व महागही असतात. संसर्गित नळी काढून टाकणे हा उपचाराचा मोठा भाग असतो. त्याची किंमत औषधांच्या तुलनेत नगण्य, म्हणून कदाचित त्याची चर्चाही कमी.

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत अँफोटेरिसिन बीचा तुटवडा पडला. जून २०२१ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने या औषधावरील कर तात्पुरता शून्यावर आणला. करसवलतीने किंमत उतरते, पण अपुरा पुरवठा त्याच दिवशी वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये १९ बुरशीजन्य रोगकारकांची प्राधान्यसूची प्रसिद्ध केली. तिच्या सर्वोच्च गटातील चार बुरशींमध्ये कँडिडा अल्बिकन्ससोबत कँडिडा ऑरिसही आहे. २००९ मध्ये जपानमध्ये प्रथम वर्णिलेली ही बुरशी रुग्णालयातील खाटा व उपकरणांवर दीर्घकाळ टिकून राहते. तिथे औषधाच्या आधी परिचारिकेचे हात, जंतुनाशक द्रावण आणि नळी बदलण्याची नोंदवही यांची गरज लागते, आणि या बाबींचा खर्च रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात औषधखरेदीच्या शीर्षाखाली येत नाही.