‘लाईफटाइम’ म्हणजे कुणाचं आयुष्य?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी पोहरादेवीत राहतो. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं आमचं हे गाव संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे आणि जगदंबेच्या मंदिरामुळे देशभरच्या बंजारा समाजाला ठाऊक आहे. रामनवमीच्या यात्रेला तेलंगणातून, कर्नाटकातून माणसं येतात. जिथे माणसं तिथे मोबाइल कंपन्या. नारळाच्या आणि बांगड्यांच्या दुकानांना लागून रंगीत छत्र्या उभ्या राहतात, टेबलावर सिमकार्डांची पाकिटं, आणि कर्ण्यावरून ‘फुकट, फुकट’ असा पुकारा. मी शिक्षकी पेशातून निवृत्त झालो आणि लोकांचे अर्ज-विनंत्या लिहून देऊ लागलो, तेव्हा पहिल्यांदा वाटलं होतं की सातबारा आणि रेशनकार्डाचीच कामं जास्त येतील. ती येतातच. पण त्यांच्या बरोबरीने येतात मोबाइलच्या तक्रारी. पैसे कापले गेले, नंबर बंद झाला, सांगितलं एक आणि दिलं दुसरंच. आज मी बोलणार आहे ते या भांडणांविषयी.

या सगळ्या भांडणांचं मूळ शोधलं तर ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतं. सौदा तोंडी होतो आणि करार कागदावर असतो. छत्रीखालचा पोरगा तोंडाने जे सांगतो ते ग्राहक विकत घेतो. कंपनी मात्र कागदावरच्या बारीक अक्षरांना बांधलेली असते, तीही तिच्या सोयीने. ‘अटी लागू’ हे दोन शब्द मराठीत आता एवढे रुळले आहेत की लग्नपत्रिकेतही छापून यायला हरकत नाही!

तुम्हाला 2005 सालचा डिसेंबर आठवत असेल. एअरटेलने 999 रुपयांत ‘लाईफटाइम प्रीपेड’ आणलं, इतर कंपन्यांनीही तशाच योजना काढल्या. एकदा पैसे भरा आणि जन्मभर इनकमिंग घ्या. कॉल करायचे दर साध्या प्लॅनपेक्षा चढे होते, पण आमच्याकडच्या माणसाला कॉल करायचा कमी आणि घ्यायचा जास्त. मुलगा पुण्याला बांधकामावर, सून त्याच्याबरोबर, म्हातारी तांड्यावर. तिला फक्त फोन वाजायला हवा. अशा घराला ही योजना देवाने पाठवल्यासारखी वाटली. पुढे कंपन्यांच्या चढाओढीत तिची किंमत उतरत गेली आणि तांड्या-तांड्यावर ‘लाईफटाइम’वाले फोन झाले.

आता प्रश्न असा, की लाईफटाइम म्हणजे कुणाचं आयुष्य? ग्राहकाचं? फोनचं? हा प्रश्न मी गंमत म्हणून विचारत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, 2006 च्या मार्चमध्ये त्याचं उत्तर आदेशात लिहून द्यावं लागलं. उत्तर असं, की कंपनीला सेवा देण्याचा जो परवाना मिळाला आहे, तो जोवर चालू आहे तोवर. म्हणजे आयुष्य परवान्याचं! आणि हा परवाना कधी संपतो तो महिना आणि ते साल कंपनीने ग्राहकाला सांगितलं पाहिजे, असंही त्या आदेशात होतं. छत्रीखाली ते कुणी सांगितल्याचं मला तरी आठवत नाही.

खरा धक्का बसला 2018 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या दोन मोठ्या कंपन्यांनी 28 दिवसांसाठी किमान 35 रुपयांचा रिचार्ज आणला. तो मारला नाही तर आधी आउटगोइंग आणि मग इनकमिंग बंद होईल, असे संदेश यायला लागले. ज्यांच्या खात्यात शंभर-दीडशे रुपये पडून होते त्यांनाही आले. तेव्हा माझ्या ओट्यावर आलेली माणसं एकच विचारत होती : ‘गुरुजी, आमचं तं लाईफटाइम होतं ना?’ तक्रारी देशभरातून गेल्या असणार, कारण नोव्हेंबरच्या अखेरीस ट्रायने कंपन्यांना बजावलं, की खात्यात पुरेसे पैसे आहेत अशा ग्राहकांची सेवा तूर्त तोडू नका, आणि त्यांच्यापुढे कोणते पर्याय आहेत ते त्यांना स्पष्ट कळवा. तेवढ्यापुरता दिलासा मिळाला. पण किमान रिचार्जची चाल काही मागे गेली नाही.

या 28 दिवसांचाही एक हिशेब आहे. तीनशे पासष्टला अठ्ठावीसने भागून पाहा. वर्षाचे महिने बारा, पण रिचार्ज तेरा. मजुराला पगार किंवा उचल महिन्याच्या हिशेबाने मिळते, आणि रिचार्ज दर महिन्याला दोन-तीन दिवस अलीकडे सरकत जातो. यावर फार उशिराने, 2022 च्या जानेवारीत, ट्रायने आदेश काढला, की प्रत्येक कंपनीने निदान काही रिचार्ज पूर्ण 30 दिवसांचे आणि काही दर महिन्याला त्याच तारखेला येणारे ठेवलेच पाहिजेत. हे रिचार्ज आहेत. फक्त मागावे लागतात.

आता पैसे कापण्याची गोष्ट. आमच्या गावाजवळच्या तांड्यावरची एक याडी, वय सत्तरीच्या पुढे, काही वर्षांपूर्वी फोन घेऊन आली. बंजारा समाजात आईला याडी म्हणतात, आणि आम्ही गावात सगळेच त्या वयाच्या बाईंना तसंच बोलावतो. म्हणाली, ‘गुरुजी, मी तं कायीच दाबलं नाही, मंग तीस रुपये काहून कटले?’ पाहिलं तर तिच्या नंबरावर कॉलर ट्यून चालू होती. तिला फोन करणाऱ्याला गाणं ऐकू येत होतं. तिला स्वतःला ते कधीच ऐकू येणार नव्हतं, कारण आपली कॉलर ट्यून आपल्याला वाजत नाही! मी विचारलं, ‘याडी, फोनवर काही चमकलं होतं का?’ तर म्हणाली, ‘चमकते तं नेहमीच. मले वाचता येत नाही. मी लाल बटण दाबतो, नाही तर हिरवं.’ कोणत्या तरी चमकण्याला तिने हिरवं दाबलं असणार. महिन्याला तीस म्हणजे तिच्या निराधार योजनेच्या पैशातले तीस.

मी कस्टमर केअरला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा करत वीस मिनिटं गेली. माणूस आला तेव्हा म्हणाला, ‘सेवा ग्राहकाने स्वतः सुरू केली आहे.’ मी म्हणालो, ‘ठीक. पहिली संमती कधी आणि दुसरी कधी, त्या दोन्ही वेळा मला सांगा.’ थोडा वेळ तिकडून आवाज नाही. मग त्याने तक्रार नोंदवून घेतली आणि क्रमांक दिला. चार दिवसांनी मागच्या दोन कपातींचे साठ रुपये परत जमा झाले.

मी दोन संमतींचं का विचारलं ते सांगतो. अशा सेवा न मागता सुरू होतात अशी ओरड इतकी वाढली होती, की 2011 मध्ये आणि पुन्हा 2013 मध्ये ट्रायला निर्देश काढावे लागले. कॉलर ट्यून, ज्योतिष, क्रिकेटचा स्कोअर असली कोणतीही सेवा सुरू करायची तर ग्राहकाची संमती दोनदा घेतली पाहिजे. एकदा चुकून बटण दाबलं गेलं एवढ्याने भागत नाही. हा नियम माहीत असणाऱ्या माणसाशी कंपनीचा माणूस वेगळ्या आवाजात बोलतो, हा माझा अनुभव आहे.

ट्रायने 2012 साली आणखी एक चांगलं काम केलं होतं, ते फार कुणाच्या लक्षात राहिलं नाही. रिचार्जच्या कूपनांना रंगाच्या पट्ट्या ठरवून दिल्या. प्लॅनला लाल, टॉप-अपला हिरवी, आणि खास सवलतीच्या व्हाउचरला पिवळी. वाचता न येणाऱ्या माणसालाही आपण काय विकत घेतोय ते कळावं म्हणून. कल्पना मोठी शहाणपणाची. पण कागदाची कूपनं गेली, दुकानदार आपल्या मोबाइलवरून रिचार्ज मारू लागला आणि ग्राहकाच्या डोळ्यांपुढची पट्टी नाहीशी झाली. त्याच 2012 च्या नियमांत प्रीपेड ग्राहकालाही मागच्या सहा महिन्यांपर्यंतच्या वापराचा तपशीलवार हिशेब मागण्याचा हक्क दिला, आणि त्याला कंपनीने 50 रुपयांहून जास्त घ्यायचे नाहीत. बिल फक्त पोस्टपेडवाल्यांनाच मिळतं, ही समजूत मी शिकल्या-सवरलेल्या लोकांतही पाहिली आहे.

फोन स्वस्तात देऊन ग्राहकाला बांधून घेण्याचं काय? परदेशात दोन-दोन वर्षांचे करार असतात आणि करार नवा करताना नवा फोन मिळतो. आपल्याकडे तसं फारसं रुजलं नाही, पण प्रयोग झाले. 2003 च्या पावसाळ्यात रिलायन्सने ‘मॉन्सून हंगामा’ नावाने 501 रुपयांत फोन हाती दिला, उरलेले पैसे मासिक हप्त्यांनी. 501 हा आकडा सगळ्यांना पाठ झाला, पुढचे हप्ते कुणाला पाठ नव्हते. पुढे 2017 च्या जुलैत जिओफोन जाहीर झाला. दीड हजार रुपये अनामत, तीन वर्षांनी परत, म्हणजे फोन जवळपास फुकट, असं सांगितलं गेलं आणि लोकांनी आधीच नोंदणी केली. फोन हातात पडायची वेळ आली तेव्हा अटी बाहेर आल्या. दर वर्षी निदान दीड हजारांचा रिचार्ज करायला हवा, नाही तर कंपनी फोन परत घेऊ शकते. अटी बेकायदा होत्या असं मला म्हणायचं नाही. जाहिरात आधी आणि अटी नंतर, हा क्रम मला खटकतो.

बरं, कंपनीने ऐकलंच नाही तर जायचं कुठे? श्रोतेहो, या प्रश्नाचं उत्तर मधली बारा-तेरा वर्षं फार वाईट होतं. ग्राहक संरक्षण कायदा 1986 चा. टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचात चालतही होत्या. पण 2009 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात निकाल दिला, की टेलिफोन बिलाच्या वादासाठी जुन्या तार कायद्यात, कलम 7-ब मध्ये, लवादाची सोय आहे, तेव्हा ग्राहक मंचाने त्यात पडू नये. प्रकरण सरकारी टेलिफोनचं होतं, पण खासगी मोबाइल कंपन्याही तोच निकाल दाखवू लागल्या. लवाद नेमायचा केंद्र सरकारने. साठ रुपयांसाठी केंद्र सरकारकडून लवाद नेमून घेणारा माणूस पोहरादेवीत काय, दिल्लीतही सापडायचा नाही.

हे दार पुन्हा उघडलं ते अहमदाबादच्या एका ग्राहकामुळे. त्यांचं महिन्याचं बिल सरासरी 555 रुपये यायचं. 2013 च्या नोव्हेंबर-डिसेंबरचं बिल आलं 24,609 रुपये 51 पैसे. ते 2014 मध्ये जिल्हा मंचात गेले. तिथून राज्य, राष्ट्रीय आयोग आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत कंपनी भांडली, आणि वाद फक्त एवढाच, की हे प्रकरण ऐकण्याचा अधिकार मंचाला आहे की नाही. 16 फेब्रुवारी 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आहे. लवादाचा मार्ग आहे, पण त्याने ग्राहकाचा हक्क संपत नाही. 2019 च्या नव्या ग्राहक कायद्याने तर सेवेच्या व्याख्येत दूरसंचार हा शब्दच घातला आहे.

म्हणजे आता रस्ता असा आहे. आधी कंपनीच्या तक्रार क्रमांकावर, 198 वर, तक्रार नोंदवायची आणि मिळालेला क्रमांक लिहून ठेवायचा. तो क्रमांक नसेल तर पुढे काहीच नाही. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं. त्याला फी नाही आणि 39 दिवसांत निर्णय द्यायचं बंधन आहे. ट्रायकडे अर्ज पाठवू नका. ट्राय नियम करते, एकेकट्याची तक्रार सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर बोलता येतं. आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, आमच्यासाठी वाशीमला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकील लावायलाच हवा असं नाही, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. तरी साठ रुपयांसाठी मजुरी बुडवून वाशीमची एसटी कोण धरणार? कंपन्यांचं सगळं गणित या प्रश्नावर उभं आहे, असं मला वाटतं. एकाचे तीस रुपये काहीच नाहीत. तीस-तीस कापलेली माणसं किती, हे कंपनीलाच ठाऊक.

शिवाय आता नंबर म्हणजे नुसता फोन राहिलेला नाही. आमच्याकडून दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला जातात, कुणी वीटभट्टीवर. घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांचा फोन महिनोन् महिने पडून राहतो. 2013 च्या नियमाप्रमाणे प्रीपेड नंबर 90 दिवसांच्या आत वापर नाही म्हणून बंद करता येत नाही, आणि खात्यात 20 रुपये असले तर ते घेऊन नंबर पुढे राखता येतो. हे माहीत नसलं की नंबर जातो, काही काळाने दुसऱ्याला मिळतो, आणि बँकेचा ओटीपी परक्या माणसाच्या हातात वाजतो. बँकेत नवा नंबर जोडायला अंगठा द्यायचा तर ऊसतोडीवरून माघारी यावं लागतं. म्हणून मी आता जाणाऱ्या घरांना सांगतो, निघताना फोनमध्ये वीस-पंचवीस रुपये ठेवून जा.

शेवटची गोष्ट अलीकडची. इंटरनेट नको असलेल्यांनाही इंटरनेटचे पैसे भरावे लागत होते. याडीच्या बटणांच्या फोनला दिवसाला दीड जीबी घेऊन काय करायचं? 23 डिसेंबर 2024 ला ट्रायने नियम केला, की प्रत्येक कंपनीने फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला रिचार्ज ठेवलाच पाहिजे, आणि त्याची मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. 2025 च्या जानेवारीत कंपन्यांनी तसे रिचार्ज आणले. किमती काही फार उतरल्या नाहीत, पण वर्षभराची कटकट मिटते.

मी आमच्या गावातल्या तीन दुकानांत जाऊन हा रिचार्ज मागितला. पहिला म्हणाला, असा नसतोच. दुसऱ्याने मोबाइल उघडला, वर-खाली सरकवला आणि म्हणाला, ‘गुरुजी, डेटावालाच घ्या ना, थोड्याच पैशांचा फरक आहे.’ तिसऱ्या दुकानात एक पोरगी बसली होती, बारावी झालेली. तिने यादी शेवटपर्यंत खाली नेली. तिथे तो होता. तिने एका कागदावर किंमत, मुदत आणि तारीख लिहून दिली, दुकानाचा शिक्का मारला आणि मला विचारलं, ‘सर, अजून कुणाला पायजे असन तं पाठवा.’ याडीला मी तिच्याकडेच पाठवलं.