शब्बाथशाळेंतील मोठे मुलगे

ग्लासगो शहराच्या नॉर्थ वुडसाइड भागांतील मिशनच्या सभागृहांत दर रविवारीं शब्बाथशाळा भरत असे. तेथें विल्यम अलेक्झांडर स्मिथ नांवाचे एक तरुण व्यापारी शिकवीत असत. अथवा शिकविण्याची खटपट करीत असत, असें म्हणणें अधिक खरें होईल. लहान मुलें गोष्ट ऐकत, स्तोत्रें म्हणत. मागच्या बांकांवरील थोराड मुलगे मात्र कुजबुजत, खिदळत, आणि पुढें एके रविवारीं येतनासे होत.

या मुलांना उनाड म्हणून सोडून देणें सोपें होतें. पण त्यांची अडचण खरी होती. स्कॉटलंडमध्यें १८७२ च्या कायद्यानें ५ ते १३ वर्षांच्या मुलांस शिक्षण सक्तीचें झालें. त्यानंतर कामकऱ्याचा मुलगा गोदींत, कारखान्यांत किंवा दुकानांत जाऊं लागे. शनिवारची मजुरी आईच्या हातावर ठेवणारा मुलगा आपणांस पुरुष समजूं लागतो, आणि तें अगदींच चुकीचें नसतें. त्यास रविवारीं सात वर्षांच्या पोरांशेजारीं बसविलें कीं तें त्याच्या जिव्हारीं लागतें. दुसऱ्या टोंकास यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन होती. जॉर्ज विल्यम्स यांनीं ती लंडनमध्यें १८४४ सालीं स्थापिली होती. पण ती तरुणांची; तिचा दरवाजा सामान्यतः सतराव्या वर्षीं उघडे. मधलीं चार वर्षें कोणाचींच नव्हतीं, आणि ख्रिस्तमंदिरापासून मुलगा दुरावे तो नेमका याच वर्षांत.

स्मिथ हे लॅनार्कशायरच्या स्वयंसेवक पलटणींतही होते. तेथें तरुण मंडळी हुकुमासरशी पावलें टाकीत. येथें मुलें बांकावर स्थिर बसत नसत. या विरोधांतून त्यांस कल्पना सुचली. ४ ऑक्टोबर १८८३ रोजीं हिल आडनांवाच्या दोघां बंधूंच्या साह्यानें त्यांनीं १२ ते १७ वर्षांच्या मुलांची पहिली तुकडी उभी केली. तीच बॉईज ब्रिगेड. कवाईत, व्यायाम, प्रार्थना व बायबलचा वर्ग, आणि पुढें १८८६ पासून उन्हाळ्यांतील छावणी, असा तिचा क्रम ठरला. पोषाख म्हणजे टोपी, कमरपट्टा व खांद्यावरची झोळी. गरिबासही परवडेल असा.

लांकडी बंदुका घेऊन मुलांनीं प्रार्थनागृहांत पावलें टाकावीं हें पुष्कळांस रुचलें नाहीं, आणि त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. नॉटिंगहॅमचे जॉन ब्राउन पेटन यांनीं १८९९ सालीं बॉईज लाइफ ब्रिगेड काढली. तींत बंदुकीऐवजीं जखमींस उचलण्याची व जीव वाचविण्याची कवाईत असे. १९२६ सालीं दोन्ही संस्था एक झाल्या, आणि बंदूक मागें पडली.

बंदूक गेली, तरी संस्था टिकली. यावरून मुलांस धरून ठेवणारी गोष्ट बंदूक नव्हती हें उघड होतें. ती गोष्ट वेगळी होती. मोठ्या मुलास तेथें लान्स कार्पोरल, कार्पोरल, सार्जंट असे हुद्दे मिळत. आपल्याकडील नाईक, हवालदार यांसारखेच म्हणा. हुद्द्याबरोबर एक लहानसें पथक त्याच्या हवालीं होई. पंधरा वर्षांचा कार्पोरल ओळीसमोर उभा राहिला कीं त्याचे बूट, त्याची वेळ, त्याची भाषा यांकडे लहान मुलांचे डोळे लागलेले असतात. कालपर्यंत जो मागच्या बांकावर खिदळत होता, त्यालाच आज पुढच्या ओळींतील खिदळणें थांबवावयाचें असतें. शिक्षकाच्या दहा उपदेशांनीं जें साधत नाहीं तें त्या एका अडचणीनें साधतें.

ही युक्ति तशी नवी नव्हे. अठराव्या शतकाच्या शेवटीं अँड्र्यू बेल या स्कॉच पाद्र्यानें मद्रासेकडे मुलें वाळूंत अक्षरें गिरवितांना पाहिलीं आणि मोठ्यानें धाकट्यास शिकविण्याची पद्धत विलायतेस नेली. आपल्या पंतोजींच्या शाळेंतही धुळपाटीवर कित्ता घालून देणारा पुष्कळदां वरचा मुलगाच असे. बेलसाहेबांच्या पद्धतीचा पुढें अतिरेक झाला. एका शिक्षकाचा पगार वाचविण्याचें तें साधन बनलें. तोच धोका येथेंही आहे.

कांहीं ठिकाणीं मोठ्या मुलास नेता म्हणतात, आणि काम देतात तें खुर्च्या मांडण्याचें, स्तोत्रांचीं पुस्तकें वाटण्याचें. तो महिन्याभरांत उमगतो कीं आपण नेते नसून बिनपगारी शिपाई आहों. दुसरीकडे अधिकारी सर्व ठरवून मोकळे होतात आणि मुलाला फक्त हुकूम ओरडावयास सांगतात. त्यांतही त्याचें मन रमत नाहीं. तिसरी चूक याहून वाईट. देखरेख काढून घेऊन पोरांवर सत्ता तेवढी दिली, तर सोळा वर्षांचा मुलगा लहानशा जुलमी सुभेदाराप्रमाणें वागूं लागतो. काम खरें हवें, तें चुकण्याची मुभा हवी, आणि चुकल्यावर चारचौघांत नव्हे तर एकांतांत दोन शब्द सांगणारा वडील माणूस हवा. छावणीच्या खर्चाचा हिशेब मुलाकडे दिला तर तो एकदां चुकणारच. म्हणून वही काढून घेऊं नये. शेजारीं बसून बेरीज पुन्हां करून घ्यावी.

बेडन-पॉवेल हे बॉईज ब्रिगेडचे चाहते. १९०७ च्या ऑगस्टमध्यें ब्राउनसी बेटावर त्यांनीं जी छावणी भरविली, तींत मोठ्या घराण्यांतील विद्यार्थ्यांबरोबर बोर्नमथ व पूल येथील ब्रिगेडचीं मुलें होतीं. चार पथकें, आणि प्रत्येक पथकाचा नायक मुलगाच. मराठींत ज्यांना आपण बालवीर म्हणतों त्यांच्या चळवळीचा पाया असा घातला गेला. मोठ्या मुलांची गळती मात्र तेथेंही लागली, म्हणून १९१८ सालीं त्यांच्यासाठीं रोव्हर ही शाखा निघाली. मुलगा वाढतो त्याप्रमाणें कामही वाढवावें लागतें, हा धडा दोन्ही संस्थांस अनुभवानेंच मिळाला.

शेवटीं जाण्याची वेळ येते. सतरा-अठराव्या वर्षीं कोणी परगांवीं नोकरीस जातो, कोणाची पाळी रात्रीची लागते. कांहीं पुढें लेफ्टनंट होऊन त्याच तुकडींत परततात. पुष्कळ परतत नाहींत, आणि त्यांस कृतघ्न म्हणणें अन्यायाचें आहे. शहाणा अधिकारी निरोपाच्या संध्याकाळीं जाणाऱ्या सार्जंटकडूनच पथकाची हजेरीची वही पुढच्याच्या हातीं देववितो. तो पुढचा बहुधा मागच्या रांगेंत वर्षभर याच वहीकडे डोळे लावून उभा असतो.